कॉम्प्युटर माझं ऐकतो

४ ऑक्टोबर, शुक्रवार. (पेनाने)

हातिम दोहाला परत गेला. जाता जाता माझ्या कॉम्प्युटरमध्ये आवाजावर चालणारा प्रोग्राम बसवून गेला. डोक्यावर चढवायचा माइकही आणला होता. माझा मुलगा कर्तबगार आहे, फक्त बोलतो घाईघाईने. त्याने दहा मिनिटं समजावलं. मला पाच मिनिटांत समजलं होतं. उरलेली पाच मिनिटं त्याला वाईट वाटू नये म्हणून ऐकली.

तत्त्व सोपं आहे. आपण बोलायचं, यंत्राने करायचं. पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? मी बोलायचो, तीन टायपिस्ट बडवायचे. एक अक्षर कधी स्वतः टाइप केलं नाही. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हुकूम घेणारं कुणी नव्हतं. आता आहे.

संकल्प. एक, रोज मगरिबच्या नमाजानंतर सहा ते सात सराव. दोन, ‘डेल्टातील कालव्यांचा इतिहास’, तिन्ही भाग, डिसेंबरअखेर. तीन, सहा डिसेंबर.

सहा डिसेंबरला रबाबचा निकाह आहे. मुलीचा बाप म्हणून मी बसणार, जावयाचा हात माझ्या हातात, वर पांढरा रुमाल, आणि भरल्या मशिदीत मी ते वाक्य म्हणणार: मी माझी मुलगी रबाब हिचा विवाह तुमच्याशी लावून देतो. बापाच्या आयुष्यातलं हे एकच वाक्य असं असतं की ते म्हणताना सगळे गप्प बसतात. नऊ वर्षांत आवाज गंजलाय. तो घासून पुसून लख्ख करायचा.

७ ऑक्टोबर, सोमवार. (पेनाने)

प्रोग्राम असभ्य आहे. मी रीतीप्रमाणे सुरुवात केली, अभिवादन, विचारपूस, मग विनंती की कृपया पत्रांची फाइल उघडण्यात यावी. ढिम्म. पुस्तिकेत म्हणे दोन शब्दांत सांगा. ‘फाइल उघड.’ मी माझ्या शिपायाशीसुद्धा असं बोललो नव्हतो.

शेवटी नजातवर ओरडलो की तो पंखा बंद कर, तर कॉम्प्युटर बंद झाला. म्हणजे ऐकू येतं त्याला. मुद्दाम करतो.

नजात म्हणजे माझी बायको. पंखा तिने बंद केला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार. (पेनाने)

जागा बदलली. दिवाणखान्यात रस्त्याचे हॉर्न, त्यात गॅसवाला सिलिंडर बडवत जातो. त्या गोंधळात यंत्राला काय कळणार? आता मागची छोटी खोली घेतली. तिची खिडकी मनवरवर उघडते. इमारतीच्या पोटातली ही उजेडाची अरुंद विहीर, सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं हिच्याकडे तोंड करून. रस्त्याचा आवाज इथे अजिबात नाही. खिडकी बंद केली की आवाज घुमतो, म्हणून ती उघडी.

एकच त्रास. शेजाऱ्यांचं सगळं ऐकू येतं. दुसऱ्या मजल्यावरचा हाज्ज बयूमी सुनेला काय बोलतो, पहिल्या मजल्यावरची बाई फोनवर बहिणीला काय सांगते, मला तोंडपाठ आहे. लोकांना लाज म्हणून नाही. देवाची कृपा, आमचं घर शांत.

१३ ऑक्टोबर, रविवार, सायं. ६.०५. (तोंडी)

ही नोंद मी बोलतो आहे. पेन नाही, कागद नाही. मी बोलतो, पडद्यावर अक्षरं उमटतात. छातीत काहीतरी झालं मला ते बघून. चांगलं झालं.

पुस्तिका सांगते, प्रोग्रामला मालकाची ओळख पटायला रोज मनात येईल ते मोकळेपणाने आणि खणखणीत आवाजात बोला. वाचून दाखवलेलं चालत नाही, मनातलंच लागतं. मनातलं माझ्याकडे साठलंय. तेव्हा रोजनिशी आता तोंडी. ही कुणासाठी नाही. फक्त माझ्यासाठी आणि यंत्रासाठी.

आजचा विषय शिडी. हाज्ज बयूमीने दोन वर्षांपूर्वी माझी शिडी नेली, एक बल्ब बदलायला. दोन वर्षं तो बल्ब बदलतोय. माणूस मक्केला जाऊन आला, सैतानाला खडे मारून आला, पण दुसऱ्याची शिडी परत करायचं काही तिकडे शिकवलेलं दिसत नाही. रेल्वेत होता ना, तिथे उशीर झाला तरी कुणी विचारत नाही. थांब.

१५ ऑक्टोबर, मंगळवार, सायं. ६.१०.

सकाळी दार उघडलं तर शिडी. धुऊन पुसून, भिंतीला टेकवून ठेवलेली. दोन वर्षांनी. माणसाचं मन कधी ना कधी त्याला खातंच. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही. इथे मात्र बोलतो: वरून तिसरी पायरी खिळखिळी केली आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, सायं. ६.१५.

रबाबचं काय चाललंय कळत नाही. मी माइक डोक्यावर चढवला की हिचं स्वयंपाकघर सुरू. नळ भसाभस सोडते, मिक्सर लावते, रिकामा. मी स्वतः जाऊन बघितलं, भांड्यात काही नव्हतं. इस्पितळाच्या लॅबमध्ये दिवसभर यंत्रांशी काम करणारी मुलगी, तिला एवढं कळू नये?

आज स्पष्ट हुकूम दिला. सहा ते सात घरात नळ नाही, मिक्सर नाही, रेडिओ नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जरा हळू बोलाल का. मी म्हटलं, हळू बोलणाऱ्यांचं या देशात कुणी ऐकत नाही, ना माणूस ना यंत्र. तिने नळ बंद केला.

२० ऑक्टोबर, रविवार, सायं. ६.०५.

चमत्कार. माझ्या हुकुमानंतर फक्त घर नाही, इमारत शांत झाली. हाज्जकडे सहाला मालिका लागायची, ती बंद. पहिल्या मजल्यावरची बाई बहिणीला आता साडेसातला फोन करते. सहा वाजले की मनवरमध्ये चमचा पडल्याचा आवाज नाही. एखाद्या घरात काही गंभीर काम चाललंय याची लोकांना जाणीव होते. न सांगता होते.

‘इतिहास’: शीर्षक झालं. अर्पणपत्रिका कुणाला करावी यावर विचार चालू.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार, सायं. ६.३०.

आज नवीन कमांड सापडली. ‘वाचून दाखव.’ बोललेलं सगळं यंत्र परत वाचतं, बाईच्या आवाजात, बातम्या देतात तसं स्पष्ट आणि थंड. माझंच वाक्य, पण सरकारी वाटतं. हातिमचे जुने मोठे स्पीकर कपाटातून काढून जोडले. फरक पडतो.

दुपारी चौथ्या मजल्यावर जेवण होतं. मादाम दौलत, म्हणजे रबाबच्या होणाऱ्या नवऱ्याची आई, विधवा, इंग्रजांच्या काळचं फर्निचर आणि त्याच काळातलं नाक. कोबीची महशी केली होती. मीठ नाही. पानात गुंडाळलेला भात खातोय की ओला कागद, कळेना. मी तीन वेळा वाढून घेतली, शिष्टाचार म्हणून.

मुलगा इमाद. चष्म्याचं दुकान. चाळीस वर्षांचा. उरलेले अकरा केस डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत चिकटवून नेतो, आणि समजतो कुणाला दिसत नाही. लोकांना नजर विकणारा माणूस, घरात आरसा नसावा. पण आता काय करणार. मुलगी तेहतीस वर्षांची. नाक माझ्या आईचं, जीभ तिच्या आईची. दाराशी रांग लागली होती असं नाही. आलं ते पदरात घेतलं. वाचून दाखव.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, सायं. ६.००.

इमाद जिन्यात भेटला. डोकं तुळतुळीत. सगळे केस काढून टाकलेत. मला म्हणाला, काका, आता बरं दिसतं का? आवाज जरा कापरा होता. मी म्हटलं, छान. होणारा जावई सासऱ्याच्या मनातलं ओळखतो, शुभलक्षण आहे. डोक्यावर एक खोक मात्र आहे, ती आधी झाकलेली होती तेच बरं होतं.

मादाम दौलतने महशीचं पातेलं पाठवलं. इतकी खारट की घशाखाली उतरेना. नजातने तिला काहीतरी सांगितलं असणार. बायकांच्या पोटात राहत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार, सायं. ६.२०.

दारवान इद्रीस बदललाय. परवा मी इथे म्हटलं होतं की हा माणूस दिवसातून चौदा तास झोपतो आणि उरलेले दहा झोपायची तयारी करतो. आज बघतो तर खुर्चीत ताठ, डोळे वटारून. मी गेलो तर उठला नाही, सलाम नाही. फक्त म्हणाला, जागा आहे मी, उस्ताज रिफअत. मी कुठे विचारलं होतं? म्हातारपणी माणसं विचित्र होतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार, सायं. ६.०५.

नजात आत आली, माइक चालू असताना. खिडकीबद्दल काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं सातनंतर. तिने पुढे होऊन खिडकी लावून घेतली. मी उघडली. तिने लावली. मी उघडली आणि सांगितलं, हे घर माझं आहे आणि हवाही माझी आहे. गेली. सातनंतर मी विचारायला विसरलो, तीही बोलली नाही. तेव्हा महत्त्वाचं नसणार.

चाळीस वर्षांत या बाईने मला एकही उपयोगाची गोष्ट सांगितलेली नाही. तिच्या भावांनी हिला लग्नाआधी आणखी दोन वर्षं स्वतःकडेच ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं, असं म्हणण्याची वेळ आली आहे. हे पुसून टाक. पुसून टाक. पुसलं नाही. राहू दे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, सायं. ६.४०.

पोट साफ होत नाही. आज चौथा दिवस. यंत्रापाशी लाज कसली.

निकाहचं वाक्य आज यंत्राने पहिल्याच दमात, एकही चूक न करता उतरवलं. मी ते सतरा वेळा म्हटलं, दर वेळी खालच्या पट्टीतून सुरू करून. ‘मी माझी मुलगी रबाब’ इथे थांबा. ‘हिचा विवाह तुमच्याशी’ इथे नजर इमादवर. शेवटी घोगरेपणा थोडा, बाप असल्यासारखा. लोकांचे डोळे ओले होणार, मी सांगतो.

नववधूच्या बापाशिवाय हा समारंभ होत नाही. मंत्री आला तरी बाजूला बसतो. मशिदीतला माइक मौलवी माझ्या तोंडाशी धरणार.

१७ नोव्हेंबर, रविवार, सायं. ६.००.

हाज्ज बयूमीने अंजिरांची परडी पाठवली. सुके अंजीर, रात्री भिजत घालून सकाळी घ्या, असा निरोप. मी मागितले नव्हते. शिडीचं प्रायश्चित्त अजून चालू आहे. अंजीर लागू पडले, हे इथे नोंदवून ठेवतो.

‘इतिहास’: अर्पणपत्रिका रद्द. कुणाचीच लायकी नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार, सायं. ६.१०.

निकाहला चौदा दिवस. आज मन भरून आलं आहे, तेव्हा मनातलंच बोलतो. यंत्राला आता माझी पूर्ण ओळख झाली आहे. शंभरात अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर.

बाप होणं म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. रबाबच्या लॅबमध्ये एक सामिह नावाचा होता, तंता शहरातला. मुलगा दिसायला बरा, शिकलेला. रबाबला आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एका गुरुवारी तो मागणी घालायला येणार असं ठरलं. मी चौकशी केली तर कळलं की याचा बाप आमच्याच खात्याच्या तंता कचेरीत शिपाई होता. मी दौऱ्यावर गेलो की त्याने मला चहा दिलेला आहे. आता त्याच्याशी मी सोयरीक करायची? त्याने घरी येऊन म्हणायचं, साहेब, साखर किती?

मी खाली जाऊन दारापाशी उभा राहिलो. सामिह वेळेवर आला, हातात मिठाईचा खोका, इस्त्रीचा कोट. मी त्याला वर येऊ दिलं नाही. सांगितलं, मुलीचं मन बदललं आहे, तिला तुझं तोंड बघायचं नाही, आणि तू पुन्हा भेटलास तर तिची नोकरी जाईल. तो वाद घालेल असं वाटलं होतं. नाही घातला. इद्रीस तिथेच होता, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. मिठाई तेवढी ठेवून घेतली, परत पाठवणं बरं दिसलं नसतं. वर येऊन सांगितलं, सामिहचा फोन होता, येत नाही, त्याचं दुसरीकडे जमतंय. मिठाई मी आणली म्हणालो. रबाब त्या दिवशी निळा पोशाख घालून बसली होती. तिने त्यातला एक तुकडा खाल्लासुद्धा. पुढच्या महिन्यात त्याने बदली करून घेतली.

सात वर्षं ही गोष्ट मी एकट्याने पोटात ठेवली. कुणाला बोललो नाही. एवढं ओझं वाहणारा बाप दुसरा दाखवा. आणि शेवटी झालंच ना भलं? चष्म्याचं का होईना, स्वतःचं दुकान आहे.

वाचून दाखव.

वाचलं. त्या बाईच्या आवाजात ऐकताना माझेच डोळे भरून आले. वर कुठेतरी एक खिडकी आपटून बंद झाली. वारा असेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ९.००. (तोंडी)

घाईघाईने बोलतो आहे. गंभीर बाब.

सकाळी न्याहरीला रबाब आली नाही. मी घेवड्याची उसळ आणि भाकरी संपवत आणली तेव्हा आली, उभीच राहिली आणि विचारलं, सामिह खालपर्यंत आला होता?  मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं, बाबा.”

मी म्हटलं, मी? कधी?

“काल. सहा वाजून वीस मिनिटांनी. मग त्या बाईने परत एकदा सांगितलं.”

नजात चुलीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही.

माझ्या लगेच लक्षात आलं. हेरगिरी. इंटरनेटवरून हा प्रोग्राम माझं बोलणं बाहेर नेतो आणि पोरीच्या फोनवर सोडतो. इंटरनेटची वायर उपसून काढली आहे. हातिमला फोन केला, तो म्हणतो असं होत नाही. त्याला काय माहीत. त्याने घाईत बसवलंय. तक्रार करणार. वकील करणार. माणसाच्या मनातलं चोरायचं म्हणजे काय.

त्याच दिवशी, दुपारी १. (तोंडी)

वायर काढलेली असूनही खालच्या मजल्यावर कुणीतरी आत्ता खोकलं. मी वकिलाबद्दल बोलत असताना. नेमकं तेव्हाच.

२४ नोव्हेंबर, रविवार. (टाइप करून, एका बोटाने)

इद्रीसला विचारलं. इमारतीत कुणी बाहेरचा माणूस तारा बिरा लावून गेला का. तो खुर्चीतून उठला. मग वर बोट केलं आणि एकच शब्द बोलला, मनवर.

मी हसलो. मग गेलो. तळाशी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. नजातला छोट्या खोलीत बसून काहीही बोल म्हणून सांगितलं होतं.  ती अगदी हळू म्हणाली, तुम्हाला ऐकू येतंय का.

प्रत्येक अक्षर ऐकू आलं. शेजारी उभं राहून कानात बोलावं तसं. आणि ती हळू बोलली होती.

शिडी. केस. मीठ. अंजीर.

चाळीस दिवस.

२५ नोव्हेंबर. (एका बोटाने)

लोकांनी सांगायला नको होतं? माणुसकी म्हणून? हाज्जला गाठलं. तो म्हणतो, मनवरमधलं ऐकलं असं कुणी सांगत नाही, उस्ताज, तशी रीत नाही. तुम्ही आमचं तीस वर्षं ऐकताय, कधी बोललात? म्हणून आम्हीही मूग गिळून बसलो.

मग म्हणाला, शिडीची पायरी आधीपासूनच खिळखिळी होती.

२८ नोव्हेंबर. (एका बोटाने)

रबाब माझ्याशी बोलत नाही. रागाने नाही, ते मला जमलं असतं. ती मीठ पुढे करते, औषध काढून ठेवते, दार हळू लावते. घरात एखादा आजारी पाहुणा असावा तशी माझी सोय बघते. काल विचारलं, किती ऐकलंस? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. नळ मी उगीच सोडत नव्हते.

मग लग्न मोडणार का, असं विचारलं. नाही म्हणाली. इमादने पंचवीस ऑक्टोबरला सगळं ऐकलं होतं, तिच्या नाकासकट, आणि दुसऱ्या दिवशी वरून फोन करून म्हणाला होता की मला ते नाक आवडतं. एवढं सांगून ती कामाला गेली.

मी सामिहबद्दल काही विचारणार होतो. काय विचारणार होतो ते आठवत नाही.

२ डिसेंबर. (एका बोटाने)

आता रागावून उपयोग नाही. पुढचं बघायचं. शुक्रवार माझा आहे. तो कुणी काढून घेऊ शकत नाही. बापाशिवाय होत नाही. त्या वाक्यातच मी सगळं भरून काढणार. असं म्हणणार की ऐकणाऱ्यांना सामिह, महशी, सगळं विसरायला होईल. पोरीलाही.

आवाज बिघडू नये म्हणून चार दिवस कुणाशी बोलत नाही. तसंही कुणी बोलत नाही. लवंग चघळतो आहे. रुमाल इस्त्री करून ठेवला.

वाक्याचा सराव ओठ न हलवता केला. बत्तीस वेळा.

६ डिसेंबर, शुक्रवार, सायं. ७. (एका बोटाने)

असरच्या नमाजानंतर मशीद भरली होती. अख्खी इमारत आली होती, पहिल्या मजल्यावरच्या बाईची बहीणसुद्धा. हातिम दोहाहून सकाळीच आला. त्याने मला मिठी मारली, पण थोडी. साक्षीदार दोन, एक हाज्ज बयूमी. दुसरा इद्रीस. रबाबनेच त्याचं नाव दिलं होतं. दारवान, माझ्या मुलीच्या निकाहनाम्यावर सही करणार. मी काही बोललो नाही, आवाज जपत होतो.

मी मौलवींच्या डाव्या हाताला बसलो. समोर इमाद, डोकं चकचकीत. मी रुमाल मांडीवर उलगडला. मौलवींनी कागद बघितले आणि विचारलं, वधूतर्फे कोण बोलणार. मी हात पुढे केला.

रबाब आईजवळून उठून पुढे आली आणि बसली. म्हणाली, “माझं मी बोलते.”

मौलवी जरा घुटमळले. चष्मा काढला, लावला. म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, कायद्याने तिला मुभा आहे, पण वडील इथे बसलेत. मग माझ्याकडे बघून हळू विचारलं, तुमची काही हरकत? मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. चाळीस दिवस मी या लोकांना एक मिनिट विश्रांती दिली नव्हती, आणि आता घशातून हवा येईना. मौलवींनी क्षणभर वाट बघितली आणि माइक तिच्यापुढे धरला.

तिने इमादचा हात धरला. रुमाल नव्हता. रुमाल माझ्या मांडीवर होता. मी माझा विवाह तुमच्याशी लावून देते, असं ती म्हणाली. खालच्या पट्टीत, कुठेही न थांबता, एकदाच. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मादाम दौलत रडली, नजात रडली, हाज्ज रडला. मी सांगितलंच होतं की रडतील.

पुढे केलेला हात तसाच होता. हातिमने तो धरून खाली माझ्या गुडघ्यावर ठेवला.

तिच्याबरोबर माझे ओठ हलत होते, हे मला नंतर समजलं. शेजारी एक म्हातारा होता, इमादच्या नात्यातला, परगावचा, मला ओळखतही नव्हता. त्याने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

मी एक शब्दही बोललो नव्हतो.